दोन जिने खालचं माहेर

मी राजनंदिनी. घरात राजी. हिंजवडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते आणि त्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतः जी चूक केली ती माझ्या आईने सुपात ज्वारी घेतल्या घेतल्या पकडली, आणि तिला कोणी त्याचे पैसे देत नाही.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली तेव्हा आमच्या डॉक्टर नम्रता मॅडम म्हणाल्या, "बाळ झकास आहे. फक्त वार, म्हणजे प्लासेंटा, जरा खाली आहे. बहुतेकींची पुढे वर सरकते, तुझीही सरकेल. पण लांबचा प्रवास नाही, जड उचलायचं नाही, आणि थेंबभर रक्त दिसलं तरी सरळ इथं यायचं."

"आणि हिंजवडी?"

"हिंजवडी लांबच्या प्रवासातच धर. घरून काम माग."

मागितलं. मॅनेजरने तोंड वाकडं केलं, मी रिपोर्ट त्याच्या नाकासमोर धरला, मिळालं. मला बाळंतपणाची भीती अशी नव्हतीच. पोटावर हात ठेवला की वाटायचं, हे मला जमणार आहे. दोन जिने चढायला नको म्हणाल तर धापेमुळे नको म्हणेन, भीतीमुळे नाही. मला फक्त एक गोष्ट हवी होती. कळा सुरू होतील तेव्हा आई जवळ हवी होती.

हा काही लाडावलेपणा नव्हे. माझी आई वेणूबाई तीस वर्षं दिग्रसजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका होती. गावातल्या चारशे तरी गरोदर बायकांना तिने लोहाच्या गोळ्या समोर बसवून गिळायला लावल्या असतील. किती जणींना तर बैलगाडीतून, जीपमधून स्वतः दवाखान्यात नेलं. त्या बाईच्या एकुलत्या एका लेकीने शेजारणीचं बोट धरून बाळंत व्हायचं? मुळीच नाही.

आईचा बेत सरळ होता. पहिलं बाळंतपण माहेरी. "सातव्यात न्यायले येतो मी," असं तिने केव्हाच जाहीर केलेलं. मी फोनवर वारेचं सांगितलं. रात्रभराची बस आता जमायची नाही म्हटलं. आईने हुंकार भरला.

"मग आई, तूच इकडे ये ना."

तिने विषय बदलून लोहाच्या गोळ्यांचं विचारलं.

तो विषय बदलण्याचं कारण मला पाठ होतं. आमच्याकडे लेकीला लेकरू होईस्तोवर आईबापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही. पुष्कळ लोक आता ते पाळत नाहीत. आईनेही पाळलं नसतं कदाचित. पण मी सुदर्शनशी माझ्या मनाने लग्न केलं, तेव्हा भर मांडवात माझे काका, नागोराव, आईला म्हणाले होते, "नवरा नाई, पोरगा नाई. एकच पोरगी, ते बी पुन्याले चालली. शेवटी जावयाच्याच ताटात हात घालशीन, वेणूबाई." दीर असून तोंडावर बोलले. आईने तिथेच सांगितलं की नातवंड झाल्याशिवाय मी त्या घरचा कण खाणार नाही, आणि झालं तरी पाहीन. लग्नाला चार वर्षं झाली. चार वर्षांत ती दोनदा पुण्याला आली, दोन्ही वेळा स्वतःची भाकरी घेऊन आली आणि ती संपायच्या आत परत गेली.

त्यामुळे आठ दिवसांनी तिचाच फोन आला, "उद्या सकाळी वाघोलीले उतरतो, जावईबापूले पाठव," तेव्हा मला रडूच फुटलं.

सुदर्शन तिला घेऊन आला. तो लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकवतो, अंगाने किडकिडीत आहे. शनिवार पेठेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तो शिरला तो खांद्यावर भलंथोरलं पोतं घेऊन. मागून आई, हातात पत्र्याची पेटी.

"आई, हे काय गं?"

"ज्वारीचा कट्टा. माह्यं जेवन."

पेटीतून डाळ निघाली, तिखट निघालं, मीठ निघालं, तेलाची बाटली निघाली. मी म्हटलं, "आणि पाणी कुठलं पिणार?"

"नळाचं. नळ काई जावयाचा नाई, महानगरपालिकेचा आहे."

"गॅस?"

तिने क्षणभर विचार केला. "इस्तवाले दोष नसते."

सुदर्शन अजून पोतं खांद्यावर घेऊन उभाच होता. "आई, हे आमच्या फरशीवर टेकवलेलं चालेल का, की मी असाच उभा राहू?" आई पदर तोंडाला लावून हसली. तिला तो फार आवडतो. आवडतो म्हणूनच तिची जास्त पंचाईत.

मग तिने मला समोर बसवून सांगितलं, "हे पाह्य, राजी. हा कट्टा आहे तोवर मी आहे. सरला का जाईन. मंग बाळंतपनाच्या टायमाले पाहू."

'पाहू' म्हणजे काय ते मला माहीत होतं. गावात पाय ठेवला की नागोराव ओट्यावर बसलेले असणार, आणि ती परत येणार नाही. म्हणजे माझ्या आईचे पुण्यातले दिवस त्या कट्ट्यात होते. मी मनातल्या मनात हिशेब केला. एकट्या बाईला तीस किलो ज्वारी, बाळंतपण होऊन बारसंसुद्धा उरकेल. मी निवांत झाले.

आणि मग मला डोहाळे लागले!

लोकांच्या बायकांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात. मला काय लागावं, तर आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. मधे लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून अर्धी. आई तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकायची आणि खुशीत म्हणायची, "खा माय, दोन जीवांचं आहे." मी खात होते आणि कट्टा खाली बसत होता.

सहाव्या महिन्यात बाळ लाथा मारायला लागलं. पहिली लाथ मीटिंगमधल्या एका फिरंगी साहेबासमोर मारली. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले आणि तो बिचारा माझी माफी मागायला लागला. आई रोज संध्याकाळी माझ्या पोटऱ्यांना तेल चोळायची, स्वतःच्या बाटलीतलं. डाव्या कुशीवर झोप, जेवणावर चहा पिऊ नको, लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घे, पायऱ्या उतरताना कठड्याला धर. साखरेच्या तपासणीचं ते गोडमिट्ट पाणी प्यायला गेले तेव्हा सोबत आली आणि तिथल्या चार घाबरलेल्या पोरींना तिने रांगेतच व्याख्यान दिलं. एकीने तिचा नंबर मागून घेतला. मला इतका अभिमान वाटला की उलटी यायची ती राहूनच गेली.

कट्टा मात्र निम्म्याच्याही खाली गेला. सातवा लागायचा होता. एक दिवस आई त्यात हात घालून म्हणाली, "पंधरा-वीस दिवस निघतीन आता." सहज म्हणाली. मी बोटांवर मोजलं, बाळाला अजून तीन महिने होते.

त्या दिवशी संध्याकाळी आई ओंकारेश्वराला गेली तसं मी सुदर्शनला पिटाळलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच किलो ज्वारी आणवली आणि कट्ट्यात ओतायला लावली.

"राजी, हे बरं नाही."

"तू गप्प बस आणि नीट हलव. वरवर दिसायला नको."

चार दिवसांनी पुन्हा ओतली. दळण गिरणीत सुदर्शनच न्यायचा, त्यामुळे आईच्या हाती थेट पीठच यायचं. एकदा जेवताना ती म्हणाली, "पुन्याच्या गिरनीत भाकर गोड लागते व." मला ठसका लागला. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दहा-बारा दिवस असे गेले. मग एका रविवारी सकाळी तिला कट्ट्यात टोके, धान्यातले किडे, दिसले. ती सूप घेऊन बसली, एक ओंजळ सुपात घेतली आणि थांबली. आमच्याकडची ज्वारी खरिपाची, बारीक, पाऊस लागून जराशी काळपट. पुण्याची टपोरी, पांढरीशुभ्र. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले, आणि मला हे दिसलं नाही. मला ज्वारी म्हणजे ज्वारी.

"हे ज्वारी कोनाची व?"

सुदर्शन वर्तमानपत्राच्या आड गेला. मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या दुकानातली."

"किती दिवसापासून?"

"दहा-बारा दिवस."

तिने सूप खाली ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. "तू मले चोरून खाऊ घातलं," ती म्हणाली. "चार वर्स मी नागोरावाचं बोलनं तोंडाबाहेर ठेवलं. तू ते पिठात कालवून माह्या तोंडात घातलं."

आणि माझा संताप उसळला. चूक आपली असली की तो जास्तच उसळतो. "मग काय करू मी? तुला तुझा मान मोठा आणि मी कोणी नाही? तुझ्या चारशे बायकांच्या घरी जाताना विचारत होतीस का, कोणाचं अन्न आहे म्हणून? जा मग! जा, नागोरावाच्या ओट्यावर बस!"

बोलले आणि तिथंच मेले. आईने पेटी ओढली आणि कपडे भरायला लागली.

घरात बसवेना म्हणून मी कठड्याला धरून जिना उतरायला लागले. पहिल्या मजल्यावर बाळाने अशी लाथ हाणली की मी पायरीवरच बसले. मनात आलं, घे, हेही आजीच्याच बाजूने. आणि मग मी हमसाहमशी रडले. मला माझी आई हवी होती हो. एवढंच हवं होतं. आणि ते मागायचं सोडून मी तिला फसवत बसले.

खाली आमचे घरमालक यज्ञेश्वर काका तळमजल्याच्या खोलीला कुलूप लावत होते. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. "रडायचं असल्यास वरच्या पायरीवर रडावं. ही पायरी नुकतीच पुसली आहे."

मी डोळे पुसले. त्यांच्याकडे बघितलं. कुलपाकडे बघितलं.

"काका, ही खोली रिकामी आहे?"

"इथं माझं झेरॉक्सचं दुकान होतं. बंद केलं. लोक यायचे."

"आत मोरी, ओटा?"

"सगळं आहे. कोणाला हवी?"

"माझ्या आईला."

"त्या तर वर तुमच्याकडेच असतात."

"तिला माझं माहेर काढायचंय," मी म्हटलं. "बाळंतपणाला मला माहेरी जायचंय आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको सांगितलाय."

काकांनी किल्ली हातात दोनदा फिरवली. वाटलं, आता काहीतरी तिरकस येणार. "माहेर म्हणजे निवासी वापर," ते म्हणाले. "चालेल. पण करार त्यांच्याशी होईल, भाडं त्या देतील. मुलीच्या आणि जावयाच्या भरवशावर मी कोणाला जागा देत नाही."

मी त्यांच्या पाया पडले असते, पण सहाव्या महिन्याच्या शेवटी ते जमत नाही.

वर आले तेव्हा आई पेटीवर बसली होती. सकाळपासून पाण्याशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं. मी खाली फरशीवर तिच्या पायांशी बसले. "आई, चुकलं माझं. तुला फसवलं, वर तोंड टाकलं. मी घाबरले होते. तू गेलीस तर परत यायची नाहीस म्हणून घाबरले होते. मला बाळंतपणाची भीती नाही वाटत, तू नसण्याची वाटते." मग खोलीचं सांगितलं. काकांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, जावयाच्या भरवशावर देत नाही म्हणाले.

आई पेटीवरून उठली. सुदर्शन दारात उभा होता.

"मोरी आहे काय खोलीत?" तिने विचारलं.

"आहे."

"अन् घरमालक शाकाहारी दिसते. सुकट भाजली त चालन काय त्याले?"

मी रडत रडत हसायला लागले. "ते तूच विचार. भाडेकरू तू आहेस."

तिने विचारलं. काका म्हणाले, "आपण खिडकी उघडी ठेवावी, मी माझी बंद ठेवीन." त्या दोघांचं तिथूनच जमलं.

आईने गावाकडून शालूमावशीच्या हाती नवा कट्टा मागवला, खोली झाडली, सारवायला मातीची जमीन नाही म्हणून चुकचुकली आणि दारात रांगोळी काढली. सातवा लागला तसा तिने मुहूर्त धरला. सकाळी दहा वाजता ती इरकली नेसून दोन जिने चढून आमच्या दारात आली आणि अगदी रीतसर म्हणाली, "जावईबापू, लेकीले बाळंतपनाले न्यायले आली मी."

सुदर्शननेही चेहरा गंभीर केला. "प्रवास फार आहे, आई. चहा तरी घ्या."

"नाई बाप्पा, तुमच्या घरचं चालत नाई मले."

तिने माझी ओटी भरली. सुदर्शनने माझी बॅग उचलली आणि आमची वरात निघाली. एकेक पायरी, कठड्याला धरून. खाली उंबऱ्याशी आईने मला थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. काका त्यांच्या गॅलरीतून वाकून बघत होते. "प्रवास सुखाचा झाला ना?" त्यांनी विचारलं.

त्या खोलीत मी जवळजवळ तीन महिने राहिले. लॅपटॉप खिडकीशी, पाय पाटावर. नवऱ्याला बायकोला भेटायचं तर त्याने सासुरवाडीला यायचं. तो रोज यायचा, आई त्याला आग्रह करकरून वाढायची. आमच्या घरात त्याच्या ताटाला हात न लावणारी बाई स्वतःच्या घरात त्याच्या ताटात तुपाची धार सोडताना कशी दिसत होती, हे मी विसरणार नाही.

तिच्या जुन्या सुती लुगड्यांची दुपटी झाली, लंगोट झाले. आईने पहिल्या दिवसाला नवं काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं आणि शेजारच्या धडधाकट पोराची झबली मागून आणून उकळून वाळवली. दवाखान्याची पिशवी भरली, फाइल वर ठेवली. आठव्यात सोनोग्राफी झाली. वार वर सरकली होती. मॅडम म्हणाल्या, "बघ, म्हटलं नव्हतं? आता नॉर्मलची वाट बघायची." आई म्हणाली, "मी त तेच सांगून राहिली होती." दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं की जणू मी मधे नव्हतेच.

नवव्याच्या शेवटी, एका मंगळवारी पहाटे फटफटत असताना कळा सुरू झाल्या. आईने घड्याळ बघितलं, मला चालायला लावलं, पेज पाजली आणि योग्य वेळी रिक्षा बोलावली. दवाखान्यात मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सुदर्शनच्या सात पिढ्या निघाल्या. आईने माझा हात सोडला नाही. "अजून एक, माह्या वाघिनी, अजून एक," एवढंच म्हणत राहिली. अकरा वाजून काही मिनिटांनी मुलगी झाली. इतकी जोरात रडली की बाहेर काकांनी ऐकलं म्हणे. हो, काकाही आले होते. "सहज इकडून चाललो होतो," म्हणाले.

दुपारी मुलगी माझ्या कुशीत झोपली होती. सुदर्शन डबा घेऊन आला. वरच्या, आमच्या घरून. माझ्यासाठी मऊ भात, आणि स्वतःसाठी चटणी-भाकरी. भाकरी त्याची त्याने थापलेली, एका बाजूला करपलेली, दुसऱ्या बाजूला कच्ची. त्याने दवाखान्याच्या ताटात ती वाढून घेतली आणि पहिला घास मोडणार, तोच आई खुर्चीतून म्हणाली,

"राजी, मले भूक लागली व."

चार वर्षांत हे वाक्य ती माझ्यासमोर कधी बोलली नव्हती.

सुदर्शनने ताट तिच्यापुढे धरलं. तो ते सरकवून देणार होता, पण तिने त्याला जागचं हलू दिलं नाही. त्याच्या हातातल्याच ताटातली भाकरी मोडली, चटणीला लावली आणि खाल्ली. सावकाश चावली. मग मला म्हणाली, "फोन लाव नागोरावाले. आवाज मोठा कर."

मी लावला. पलीकडून "हॅलो" आलं.

"मी वेनूबाई बोलतो, भाऊजी. राजीले पोरगी झाली. दोघी चांगल्या आहेत." तिने दुसरा घास मोडला. "मी? मी जेवून राहिली. जावयाच्या ताटात. हाव, त्याच्याच ताटात, हात घालून." माझी आई रडत होती आणि चावत होती. "भाकर जराशी कच्ची आहे. पन मी दुसरी घेतो आता. ठेवतो फोन."